शब्दाच्या जागी शब्द



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्या विषयावर बोलू असा त्यांचा कयास असावा. त्या विषयांवर आम्ही वर्षभर कारखान्याच्या गेटवर बोलतच असतो. म्हणून आज मुद्दाम निराळा विषय मागून घेतला. लांबलचक मजकुरात एक शब्द शोधायचा आणि तो जेथे जेथे सापडेल तेथे तेथे त्याच्या जागी दुसरा शब्द घालायचा. हे काम एक्सएसएलटी नावाच्या संगणकी भाषेत कसे करावे, आणि ते बिनचूक व लवकर कसे व्हावे, एवढाच आजचा विषय आहे. तो ऐकून काही श्रोते घड्याळाकडे पाहतील. एका वेलांटीची हकीकत ऐकेपर्यंत तरी त्यांनी बसावे, अशी आमची विनंती आहे.

आरंभीच एक कबुली देतो. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती सभेसाठी. युनियनच्या कचेरीत संगणक आला, त्याच्यापुढे रात्री बसून जे शिकलो ते चुकत चुकत शिकलो. तेव्हा आज जे सांगणार आहोत, त्यांतला बराच भाग आमच्या चुकांचाच आहे.

एक कारखाना बंद पडला होता आणि कामगारांच्या थकबाकीची यादी तयार करायची होती. नाव यादीत एक आणि बँकेच्या पासबुकात दुसरे असले की पैसे परत जातात, हे आपणांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. आमच्या यादीत 'पाटील' हे आडनाव कित्येक ठिकाणी 'पाटिल' असे, पहिल्या वेलांटीने पडले होते. पासबुकात सगळीकडे दुसरी वेलांटी. म्हणजे 'पाटिल' शोधून 'पाटील' घालायचे, एवढेच काम. आम्हांला वाटले, चहा पिऊन होईपर्यंत उरकेल.

यादी एक्सएमएल पद्धतीने ठेवलेली होती. एक्सएमएल म्हणजे माहितीला चिठ्ठ्या लावून ठेवण्याची रीत. स्वयंपाकघरात डब्यांवर 'तूरडाळ', 'साखर' अशा चिठ्ठ्या असतात, तशा येथे 'नाव', 'खाते', 'रक्कम' अशा चिठ्ठ्या. एक्सएसएलटी ही त्या डब्यांतला माल हव्या त्या रूपात मांडण्यासाठी नियम लिहिण्याची भाषा. हे नियम साच्यांच्या रूपाने लिहितात. त्यांना टेम्प्लेट म्हणतात. या भाषेची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मान्य केली. तिचे संपादक जेम्स क्लार्क. मजकुराशी खेळण्यासाठी तिच्या जोडीला एक्सपाथ ही धाकटी भाषा त्याच दिवशी मान्य झाली.

आता गंमत अशी की, एक्सपाथच्या त्या पहिल्या आवृत्तीत शब्द बदलण्याची सोयच नाही. आहे ती 'ट्रान्सलेट' नावाची एक क्रिया. नाव पाहून आम्ही फसलो. आम्ही तिला सांगितले की 'पाटिल' घे आणि 'पाटील' दे. परंतु ट्रान्सलेट शब्द पाहत नाही, एकेक चिन्ह पाहते. पहिल्या यादीतले पहिले चिन्ह दिसले की दुसऱ्या यादीतले पहिले घालायचे, दुसरे दिसले की दुसरे, असा तिचा हिशेब. संगणकाच्या लेखी 'पाटिल' ही पाच चिन्हे आहेत: प, काना, ट, पहिली वेलांटी, ल. 'पाटील' हीही पाचच. त्यांतली चार सारखी. उरले काय? तर पहिली वेलांटी दिसली की दुसरी घाल. आमच्या हुकमाचा त्या यंत्राने लावलेला अर्थ एवढाच होता, आणि तो त्याने इमानेइतबारे पाळला. साऱ्या यादीतली प्रत्येक पहिली वेलांटी दुसरी झाली. किसनचा कीसन झाला, शिवाजीचा शीवाजी झाला.

आम्ही आडनावे तेवढी तपासली, ती ठीक दिसली, आणि पत्रे छापून टपालात टाकली. चार दिवसांनी बॉयलरवर उभा जन्म काढलेला एक म्हातारा कामगार पाकीट हातात घेऊन कचेरीत आला. चष्मा पुसत म्हणाला, "भाऊ, माझ्या नावाची वेलांटी कुणी फिरवली?" आम्हांला उत्तर देता आले नाही. पैसे अजून निघाले नव्हते, म्हणून यादी परत घेता आली. निघाले असते तर त्या माणसाला आमच्या आळसापायी बँकेच्या खिडकीत किती हेलपाटे पडले असते, याचा विचार करा.

ट्रान्सलेट निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंक घालायचे असतील, तर तिच्यासारखी क्रिया नाही. चिन्हाच्या जागी चिन्ह हे तिचे काम. शब्दाच्या जागी शब्द हे काम निराळे आहे, आणि ते आपणच उभे करावे लागते.

त्यासाठी एक्सपाथ तीन हत्यारे देते. 'कंटेन्स' ही क्रिया मजकुरात अमुक शब्द आहे की नाही ते सांगते. 'सबस्ट्रिंग-बिफोर' त्या शब्दाच्या पहिल्या आढळाआधीचा भाग देते, आणि 'सबस्ट्रिंग-आफ्टर' नंतरचा. दुसऱ्या भाषांत माणूस एक फेरा लिहितो आणि प्रत्येक फेऱ्यात हातातला मजकूर बदलत जातो. एक्सएसएलटीत ते चालत नाही. येथे एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही. मस्टरवर शाईने हजेरी मांडली की खाडाखोड नाही, तसा हा प्रकार. हा स्वभाव घराण्यातून आलेला आहे. क्लार्क यांनी आधी डीएसएसएसएल या भाषेवर काम केले होते, आणि ती भाषा स्कीम नावाच्या, आवर्तनावर चालणाऱ्या भाषेवर बेतलेली होती.

आवर्तन म्हणजे काय? साचा स्वतःचे थोडे काम करतो आणि उरलेल्या कामासाठी स्वतःलाच पुन्हा बोलावतो. आमचा साचा असा. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: मजकूर, शोधायचा शब्द आणि बदली शब्द. साचा विचारतो, मजकुरात तो शब्द आहे काय? नसेल, तर मजकूर जसाच्या तसा लिहून मोकळा होतो. असेल, तर शब्दाच्या आधीचा भाग लिहितो, बदली शब्द लिहितो, आणि शब्दाच्या नंतरचा भाग देऊन त्याच साच्याला पुन्हा हाक मारतो. झाले. एवढ्यात सारे आले.

परंतु ह्या चार ओळींत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, पुन्हा हाक मारताना फक्त उरलेला भाग द्यायचा. बदललेला भाग पुन्हा द्यायचा नाही. समजा, 'कामगार' शोधून 'गिरणी कामगार' घालायचे आहे. बदलून झालेला सबंध मजकूर पुन्हा शोधाला लावला, तर त्यात 'कामगार' आहेच. मग 'गिरणी गिरणी कामगार', मग 'गिरणी गिरणी गिरणी कामगार'. हे कधी थांबायचे नाही.

दुसरी, शोधायचा शब्द रिकामा नसावा. रिकामा शब्द प्रत्येक मजकुरात 'आहे' असेच उत्तर मिळते, आणि त्याच्या नंतरचा भाग म्हणजे पुन्हा सबंध मजकूर. काम तिळभर कमी होत नाही आणि हाका संपत नाहीत. तेव्हा शब्द रिकामा असेल तर मजकूर तसाच परत द्यावा, हा नियम सर्वांत आधी लिहावा.

तिसरी, शब्द म्हणजे अख्खा शब्द, हे यंत्राला ठाऊक नाही. 'राम' शोधाल तर तो 'रामचंद्र' ह्या नावातही सापडेल आणि 'आत्माराम' ह्यातही. म्हणून आडनावाचा स्वतंत्र डबा असेल तर त्या डब्यातला मजकूर शोधशब्दाशी पूर्ण जुळतो की नाही एवढेच पाहावे. तेथे तुकडे करण्याचे कारणच नाही. आमची फजिती झाली ती आमच्या यादीत नाव, आडनाव, खाते, सारे एकाच डब्यात कोंबलेले होते म्हणून.

आपल्या लिपीचा एक पेच येथेच सांगतो. 'कऱ्हाड' ह्या शब्दातला 'ऱ' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याला जोडलेला नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु कंटेन्सला विचाराल तर ती दोघांना परके समजते. शोधण्यापूर्वी दोहोंपैकी एकच तऱ्हा साऱ्या मजकुरात करून घ्यावी, हे बरे.

साचा बिनचूक झाला. आता वेगाकडे वळू, कारण दुसरा फटका आम्हांला तेथे बसला. सारी यादी एकाच डब्यात होती, म्हणून ती एकदमच साच्यापुढे ठेवली. यंत्र थोडे चालले आणि थांबले. साचा कायमचा फेऱ्यात सापडला असावा असा निरोप आला. आमचा साचा काही फेऱ्यात सापडला नव्हता. तो खोल गेला होता.

हे समजण्यासाठी एक कचेरी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या कारकुनाजवळ भले मोठे रजिस्टर आले. त्याने पहिली चुकीची नोंद दुरुस्त केली, उरलेले सारे रजिस्टर स्वतःच्या हाताने उतरून काढले आणि ती प्रत दुसऱ्या कारकुनाला दिली. दुसऱ्याने एक नोंद दुरुस्त केली, उरलेले पुन्हा उतरून काढले आणि तिसऱ्याला दिले. यात दोन तोटे आहेत. एक, लिहिण्याचे काम भलतेच वाढते. दुसरा, पहिला कारकून घरी जात नाही. पुढच्याचे काम संपेपर्यंत आपल्या खुर्चीवर बसून राहतो. दुसराही बसतो, तिसराही बसतो. खुर्च्या संपल्या की कचेरी बंद.

आकड्यांत सांगतो. एक लाख चिन्हांचा मजकूर आहे आणि त्यात शोधशब्द दहा हजार वेळा, सारख्या अंतराने आला आहे, असे धरू. प्रत्येक हाकेला उरलेल्या मजकुराची नवी प्रत होत असेल, तर सरासरी पन्नास हजार चिन्हे उतरावी लागतात. दहा हजार हाकांना ती होतात ५० कोटी चिन्हे. आणि खुर्च्या लागतात दहा हजार. लिबएक्सएसएलटी नावाचे सर्वत्र वापरात असलेले साधन मुळातच ३००० पायऱ्यांवर थांबते, कारण याहून खोल गेलेला साचा फेऱ्यात अडकला असावा असे ते धरून चालते. ही मर्यादा हुकूम देऊन वाढवता येते. पण खुर्च्या वाढवल्या म्हणजे काम कमी झाले असे नाही.

काही साधने शहाणी असतात. साच्याची स्वतःला मारलेली हाक हे त्याचे अगदी शेवटचे काम असेल, तर मागे थांबून करायचे काही उरत नाही, हे त्यांच्या ध्यानात येते. मग ती त्या कारकुनाला घरी पाठवून त्याच खुर्चीवर पुढच्याला बसवतात. सॅक्सन हे साधन असे करते. मात्र त्यासाठी हाक खरोखरच शेवटी असावी लागते. पुढच्याचे उत्तर आधी एखाद्या नावात साठवून मग ते मागच्या तुकड्याला जोडत बसलात, तर हाक शेवटची राहत नाही आणि ही सवलत मिळत नाही. म्हणून आधीचा भाग लिहून टाकावा, बदली शब्द लिहावा आणि हाक मारून मोकळे व्हावे.

ज्या साधनाला एवढे शहाणपण नाही, त्याच्यासाठी कामाची वाटणी बदलावी लागते. रजिस्टर एकापाठोपाठ एकाला देण्याऐवजी मधोमध फाडा, अर्धे एकाला द्या, अर्धे दुसऱ्याला द्या. त्यांनीही आपापले निम्मे करावे. तुकडा पुरेसा लहान झाला, की तो आमच्या जुन्या साध्या साच्याकडे द्यावा. आणि तुकड्यात शोधशब्द नसेलच, तर पुढे काही न फाडता तो तसाच लिहून टाकावा. आता खोली किती होते पाहा. एकाचे दोन, दोनांचे चार, असे दुप्पट करीत गेले तर चौदाव्या पायरीला १६,३८४ तुकडे होतात. म्हणजे दहा हजार दुरुस्त्यांना सुमारे चौदा खुर्च्या पुरतात. प्रत्येक पायरीवर सारा मजकूर एकदाच उतरला जातो. चौदा पायऱ्यांचे झाले १४ लाख. कोठे ५० कोटी आणि कोठे १४ लाख!

पण फाडताना एक दक्षता घ्यायची. नेमक्या मध्यावर फाडले आणि 'पाटिल' मधला 'पाटि' एका तुकड्यात आणि 'ल' दुसऱ्यात गेला, तर तो दोघांनाही सापडणार नाही. तो माणूस यादीत तसाच चुकलेला राहील, आणि कोणाला कळणारही नाही. यावर आमचा उपाय साधा आहे. शोधशब्दात येऊच शकत नाही असे चिन्ह निवडावे, आमच्या यादीत ते ओळीच्या अखेरीचे चिन्ह होते, आणि मध्यानंतर ते प्रथम जेथे येईल तेथे फाडावे. म्हणजे मध्य थोडा पुढे सरकतो, परंतु कोणाचे नाव दुभंगत नाही. तसे चिन्ह मध्यानंतर सापडलेच नाही, तर तो तुकडा न फाडता साध्या साच्याकडे द्यावा.

एकाऐवजी अनेक शब्द बदलायचे असतील तर काय? संघटनेची निवडणूक झाली. अध्यक्ष सचिव झाले आणि सचिव अध्यक्ष झाले. आधी 'अध्यक्ष' च्या जागी 'सचिव' घातले आणि मग त्या साऱ्या मजकुरावर 'सचिव' च्या जागी 'अध्यक्ष' घातले, तर संघटनेत दोन अध्यक्ष होतील आणि सचिव एकही नाही. दोन अध्यक्षांची संघटना कशी चालते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक नसेल! यावर उपाय असा. 'अध्यक्ष' सापडला, की त्याच्या जागी घातलेल्या शब्दाला पुन्हा हात लावायचा नाही. त्याच्या आधीचा तुकडा मात्र सरळ लिहून न टाकता दुसऱ्या जोडीच्या साच्याकडे द्यायचा. अखेरीस उरलेला तुकडाही त्याच्याकडेच जातो. ज्याचे काम झाले ते झाले, आणि उरले तेवढेच पुढच्याकडे.

आपण विचाराल, इतका खटाटोप अजून कशाला? २००७ साली एक्सएसएलटीची दुसरी आवृत्ती मायकेल के यांच्या संपादनाखाली निघाली. तिच्या जोडीच्या एक्सपाथमध्ये 'रिप्लेस' ही तयार क्रिया आली, आणि 'ऱ' सारख्या दुहेरी चिन्हांना एकरूप करणारी क्रियाही आली. २०१७ साली तिसरी आवृत्ती आली. ज्यांना ही साधने मिळतात, त्यांनी ती अवश्य वापरावी. तरी रिप्लेसलाही तिचा स्वभाव आहे. ती साधा शब्द मागत नाही, नमुना मागते, आणि नमुन्यात टिंब म्हणजे 'कोणतेही एक चिन्ह'. पत्रांतल्या 'मा.' चे 'माननीय' करायला आम्ही तिला जसेच्या तसे सांगितले. पत्रात एका कामगाराचे 'मामा' होते. त्यांतले म, काना आणि म हे 'मा.' च्या नमुन्यात बसले, पुढचा काना उरला, आणि मामांच्या 'माननीया' झाल्या. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की ते साधे टिंब राहते. एक्सपाथच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तर सबंध नमुना साधा मजकूर समजावा, असेही सांगता येते.

परंतु ब्राउझरांनी आपल्या पोटात घेतली ती पहिलीच आवृत्ती. लिबएक्सएसएलटीही पहिल्याच आवृत्तीचे. त्यामुळे ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून हे जुने साचे वर्षानुवर्षे कामाला जुंपलेले राहिले. २०२५ साली क्रोम ब्राउझरच्या कर्त्यांनी ही सोय काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला. जुन्या आज्ञावलीतले सुरक्षिततेचे धोके हे कारण त्यांनी दिले. त्याच वर्षी लिबएक्सएसएलटी सांभाळणाऱ्या बिनपगारी स्वयंसेवकाने ते काम सोडले. कामगार चळवळीतला माणूस ही बातमी आपल्याच डोळ्यांनी वाचणार. ज्या यंत्रावर मोठमोठ्या कंपन्या विसंबून होत्या, त्याचे तेलपाणी एक माणूस फुकट करीत होता. तो थकला तेव्हा यंत्रच जुने ठरले. यावर बोलायला निराळे व्याख्यान हवे. आज एवढेच म्हणतो की, ज्यांच्या कचेरीत असे साचे चालू आहेत, त्यांनी ते कोणते काम करतात हे आताच उघडून पाहावे आणि साध्या भाषेत लिहून ठेवावे. यंत्र बदलेल. पण उरलेलेच पुढे द्यावे, रिकाम्या शब्दाला आधी अडवावे, ओळीच्या अखेरीस फाडावे, हे नियम कोणत्याही भाषेत न्यावे लागतील.

आमची यादी शेवटी नीट झाली. छापण्यापूर्वी या खेपेस आम्ही जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून जेथे जेथे फरक पडला तेवढ्या ओळी काढल्या आणि त्या एकेक करून माणसांना वाचायला दिल्या. वाचणाऱ्यांत तो बॉयलरवरचा म्हाताराही होता. त्याने आपल्या नावावर बोट ठेवले, वेलांटी कोणत्या बाजूला आहे ते निरखून पाहिले, आणि मग पुढच्या माणसाचे नाव वाचायला घेतले.